खारबंदरची अकरा माणसं

माणूस तीस वर्षं दर्यावर काढतो ती कुणासाठी? घरासाठीच ना? मग ज्या गावात त्याचं घर, त्या गावच्या यादीत त्याचं नाव का नसावं? हा एवढा एकच सवाल अब्दुस्समद उलडेच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता, आणि तो विचारायचा कुणाला, हेच त्याला कळत नव्हतं.

खारबंदर म्हणजे रेवदंड्याच्या खाडीतलं, इंग्रजी हद्दीतलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. दोन मोहल्ले, एक कोळीवाडा आणि वर भातवाल्यांची शेतकरी आळी. गावात कुणीही असो, घरातला एक तरी बाप्या आगबोटीवर. अब्दुस्समद सोळाव्या वर्षी खलाशी म्हणून चढला आणि हळूहळू तांडेल झाला. तांडेल म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुख्य जो सारंग, त्याच्या खालोखालचा माणूस. चाळीस खलाशी त्याच्या शब्दावर उठायचे, बसायचे. रंगून, झांजीबार, लिव्हरपूल, सगळं पालथं घातलं त्यानं. पण खारबंदरात कारकून मतदारांची यादी करायला यायचा तो नेमका बोटींच्या हंगामात. दारात उभा राहून विचारायचा, "अब्दुस्समद उलडे?" दाराआडून त्याची बायको अमिरुन्निसा सांगायची, "बोटीवर." झालं! 'गावी राहत नाही' म्हणून नावावर रेघ. एकदा नाही, तीन याद्यांत तीन वेळा. वाडी त्याची, सारा तो भरतो, मशिदीच्या कौलांना पैसे त्यानं दिलेले, आणि म्हणे गावी राहत नाही! मग काय लिव्हरपुलात राहतो की काय?

दमा जडला तेव्हा तो कायमचा घरी आला. आता त्याच्या स्वतःच्या नावाला भीती नव्हती. पण त्याच्या जागी मुलगा रशीद बोटीवर चढला होता. म्हणजे रेघ आता रशीदच्या नावावर बसणार. बापाचा दमा मुलाला गेला नाही हे नशीब, पण रेघ मात्र वारसाहक्कानं आली. यावरून अब्दुस्समदचं टाळकं फिरायचं, आणि फिरलं की ते लवकर जागेवर यायचं नाही.

सन बत्तीसच्या थंडीत या सगळ्याला एकदम तोंड फुटलं. गावात वर्तमानपत्र एकच यायचं, तेही दोन दिवसांनी शिळं होऊन. शाळेचे हरेश्वर मास्तर ते जकातनाक्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी बातमी होती ती दिल्लीच्या सभेची. सध्या तिथं दीडशेच्या आतबाहेर माणसं बसतात. नवा कायदा आला की ती तीनशेवर जाणार. कुणी म्हणतं साडेतीनशे. विलायतेहून कमिटी आली आहे, मतं कुणाला द्यायची आणि जागा किती वाढवायच्या याचा विचार चालू आहे.

"तीनशे?" शेतकरी आळीचा बाळाजी पाटील उसळलाच. "दीडशे हायेत ते काय दिवं लावतात, म्हनून आनखी दीडशे? निस्ती खोगीरभरती! बारभाईची खेती, काय येल हाती?"

मास्तर म्हणाले, "अहो पाटील, देश केवढा! लाखो माणसांमागं एक माणूस बसतो तिथं. तो कुणाकुणाचं सांगणार?"

"येकानं नीट सांगितलं तर पुरतं. धा जनांनी सांगितलं की गोंधूळ."

कोळीवाड्याचा दादू जाळ्याच्या गाठी तपासत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आन् खाडीपल्याड संस्थानात? थितं तर म्हनं मानसं राजेच धाडनार. मंजे पल्याडच्यांना आकडा वाढला काय नि घटला काय, सारकंच."

सगळ्यांना वाटलं अब्दुस्समद आता मास्तरांची बाजू घेणार. पण तो बाळाजीच्या बाजूनं पडला. "पाटील बरोबर बोलतोय. बोटीवर कप्तान किती? एक. तीन कप्तान झाले तर बोट खडकावर. आकडा वाढवून काय होतं? मास्तर, तुम्ही तीनशे करा, सहाशे करा. त्यात खारं पाणी नाकातोंडात गेलेला एक तरी असणार आहे का, ते आधी सांगा!"

मास्तर पान उलटून कापसाचे भाव वाचू लागले.

आठवड्यानं तलाठ्याकडे हुकूम आला. मतं आणि जागा याविषयी लोकांचं म्हणणं ऐकायला एक साहेब रेवदंड्याच्या बंगल्यावर एक दिवस मुक्कामाला येणार. लेखी म्हणणं देण्याची मुदत केव्हाच संपली होती, ती गावाला कळलीही नव्हती. आता तोंडी. प्रत्येक गावाला पंधरा मिनिटं.

पंधरा मिनिटं! अब्दुस्समदला ती रमजानच्या चंद्रासारखी वाटली. तीस वर्षांत कुणी पंधरा सेकंद विचारलं नव्हतं. चावडीवर सगळे जमले आणि एकमुखानं ठरलं, गावातर्फे तांडेलनं बोलायचं. बाळाजीच म्हणाला, "तांडेलनं दुनिया बघितलीय. सायबाम्होरं त्यो डरनार न्हाय." त्या रात्री अब्दुस्समदच्या घशाखाली घास उतरेना, इतका तो खूश झाला होता.

मग सुरू झाली तालीम. माडांच्या आळ्यांना पाणी लावताना तो माडांना सांगायचा, पायरीवर बसला की बसणाऱ्यांना सांगायचा. "साहेब, आमच्या गावात घरटी एक माणूस दर्यावर. तो पळून गेलेला नाही, कमवायला गेलाय. त्याच्या घरच्यांनी सांगितलं तर त्याचं नाव यादीत राहू द्या. आणि दिल्लीत एवढ्या जागा वाढवताय, त्यातली एक बोटीवरच्या माणसांना द्या." दोनच मागण्या. पण सुरुवातीला तो सोळाव्या वर्षापासून धरायचा, मध्ये एडनचा उकाडा यायचा, मग बिस्केच्या उपसागरातलं वादळ. ऐकून ऐकून गावातल्या पोराटोरांना ते तोंडपाठ झालं.

अमिरुन्निसा भाकरी थापता थापता म्हणाली, "रशीदचे अब्बा, ते वादळ कापा. साहेब तुमच्या वादळासाठी येत नाही. सलाम, नाव आणि मागणं, बस्स. बाकी सगळं पाणी."

"तुला नाही कळत. आधी माणसाच्या काळजाला हात घालायचा असतो."

"मग घाला. पण घड्याळाकडे बघून घाला."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण गावात काही सुरळीत चाललं की लोकांना झोप लागत नाही, हा खारबंदरचा जुना रोग. चार दिवसांनी बाळाजी तोंड वाकडं करून आला. "तांडेल, राग मानू नगंस. पन शेतकरी आळीत लोक म्हनत्यात, दर्यावरचा मानूस भाताचं काय सांगनार? आमचा बी येक असू दे."

"अरे, पण तूच म्हणाला होतास ना, एकानं नीट सांगितलं तर पुरतं म्हणून?"

"त्ये दिल्लीचं, रं. ह्यो आपला गाव हाय."

आता याला काय म्हणावं! दिल्लीला दीडशे पुरे आणि खारबंदरला एक पुरेना! बाळाजीचा एक झाला म्हटल्यावर आळीत आणखी दोन भावक्या, म्हणून त्याचे तीन झाले. ते ऐकून कोळीवाडा उठला. दादू म्हणाला, "नारळी पुनवेला पयला नारळ दर्यात आमचा पडतो. आमचा मान काय शेतकऱ्यांच्या मागारी?" त्यांचेही तीन. आणि इथं अब्दुस्समदनं काय करावं? गप्प बसावं की नाही? छे! त्याचंही टाळकं फिरलं. शेतकऱ्यांचे तीन, कोळ्यांचे तीन, आणि मुसलमानांचा मी एकटा? दोन मोहल्ले आहेत आमचे! त्यानं मोठ्या मोहल्ल्याचे दोन आणि धाकट्या मोहल्ल्याचा एक असे आणखी तीन आपल्या हातानं घातले. चार, तीन आणि तीन, दहा. मग कुणीतरी म्हणालं, मास्तरांना इंग्रजी येतं, त्यांना वगळून कसं चालेल? अकरा.

घरी येऊन त्यानं अमिरुन्निसाला हिशोब सांगितला. ती तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "या अल्ला! मग दिल्लीवाले वेगळं काय करतात?"

"माझे तीन मी घातले नसते तर आपल्याला कुणी विचारलं नसतं!"

"दिल्लीतही प्रत्येक जण हेच म्हणत असेल," ती म्हणाली, आणि भाकरी एका बाजूनं करपली म्हणून त्याच्यावरच चिडली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आता पहिलं कुणी बोलायचं? कोळीवाडा म्हणे नारळाचा मान आमचा. शेतकरी आळी म्हणे होळीला पहिला अग्नी आमच्या हातचा. मोठा मोहल्ला म्हणे उरुसाची पहिली चादर आमची. तीन संध्याकाळी चावडीवर नुसती भांडणं. एकानं दुसऱ्याच्या पणज्याचं काढलं, दुसऱ्यानं पहिल्याच्या आजोळचं. अब्दुस्समदचा दमा उसळला. साहेब यायला दोन दिवस राहिले होते आणि इथं मेले चादर आणि नारळ घेऊन बसले होते.

शेवटी तो चवताळून उठला आणि काठी आपटून ओरडला, "बस्स! मानपान गेला खड्ड्यात! रेवदंड्याला आपण दादूच्या होडीतून जाणार ना? मग होडीतून जो ज्या नंबरानं उतरेल, त्याच नंबरानं बसेल, त्याच नंबरानं बोलेल. कबूल?"

सगळे एका झटक्यात कबूल झाले. खारबंदरात कुठली गोष्ट इतक्या पटकन मान्य झाली, की कुठंतरी पाणी मुरतंय हे समजायला हवं. पण त्याला वाटलं, वा, काय तोड काढली! घरी जाताना स्वतःवरच खूश होऊन तो तालीम करत गेला.

साहेबाचा दिवस उजाडला. अकराही जण धुतलेले कपडे घालून बंदरावर हजर. होडी दादूची, पण दादू सुकाणूपासून बाजूला सरकला. "तांडेल असताना सुकाणू म्या धरायचं? लोक शेन घालतील तोंडात." अब्दुस्समदनं मान हलवली आणि सवयीनं जाऊन सुकाणू धरलं. आयुष्यात तो कुठल्याच होडीत उतारू म्हणून बसला नव्हता. हाताला दुसरी जागा माहीतच नव्हती.

अर्ध्या खाडीत गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. सुकाणू मागं असतं. होडी लागली की पुढचे आधी उतरतात. आणि तांडेल? तांडेल सगळ्यांत शेवटी. शेवटचा माणूस पाय जमिनीला लावीपर्यंत तांडेल होडी सोडत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीठ खारट असतं हे कुणी शिकवतं का? आणि बोलण्याचा क्रम लावणारा शहाणा कोण? तोच! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यानं.

पुढं बाळाजी टोकाशी बसला होता, उडी मारायच्या तयारीत. आता कळलं, कबूल इतक्या झटक्यात का झाले ते. 'दादू, सुकाणू धर,' एवढं म्हणायला काय लागत होतं? तीन शब्द. पण ते त्याच्या तोंडून निघेनात. सगळे म्हणाले असते, पहिलं बोलायला मिळावं म्हणून तांडेलनं होडी सोडली. त्यापेक्षा मेलेलं बरं. मनात त्यानं हिशोब केला. पंधरा मिनिटं, अकरा माणसं. एडन कापला. वादळ कापलं. सलामसुद्धा कापला. राहिल्या फक्त दोन मागण्या. एक मिनिट पुरे. एवढं तर राहीलच की!

ओहोटी लागली होती. बाळाजीनं चिखलात उडी मारली, मागोमाग एकेक जण उतरला. अब्दुस्समद होडी सांभाळत शेवटपर्यंत उभा राहिला.

बंगल्याच्या ओसरीवर साहेब बसला होता. आपल्याच मुलखातला, मराठी बोलणारा, सभ्य माणूस. टेबलावर घड्याळ, शेजारी कारकून. समोर बाकावर अकरा जण उतरले त्या क्रमानं बसले. साहेबानं बाकाची ही कड बघितली, ती कड बघितली आणि विचारलं, "एकाच गावचे?"

"व्हय साहेब, समदे खारबंदरचे," बाळाजी अभिमानानं म्हणाला आणि सुरू झाला. आधी रामराम. मग आपल्या घराण्याचं नाव, आज्याला कुणी पागोटं बांधलं त्याची हकीकत, मग खाऱ्या जमिनीचा फुटलेला बांध. शेवटी म्हणाला, "आनि साहेब, दिल्लीत मानसं वाढवू नगा. येकानं नीट सांगितलं तर पुरतं." साहेबानं अकरा जणांकडे पुन्हा एकदा पाहिलं. कारकून मान खाली घालून लिहीत राहिला.

पुढचा म्हणाला, "आदीच्यांनी सांगितलं त्ये बराबर, पन," आणि पुन्हा बांधच सांगितला, कारण फुटलेल्या बांधाचं दुसरं टोक त्याच्या शेतात होतं. तिसऱ्यानं विहिरीचं काढलं. दादूनं मासळी सुकवायच्या खळ्याचं सांगितलं, त्याच्या चुलत्यानं मिठाचं. मोठ्या मोहल्ल्याच्या मशिदीत प्रवचन देणारे खतीब दुआ देऊन बसले, त्यात दीड मिनिट गेलं. अब्दुस्समद बाकाच्या कडेला बसून घड्याळ बघत होता. प्रत्येक जण उठला की त्याला वाटायचं, आता हा तरी बोटीचं काढील. पण ज्याचं त्याला पडलेलं. दहावे हरेश्वर मास्तर. ते उठले तेव्हा दोन मिनिटं उरली होती. मास्तरांनी शाळेच्या कौलांपासून सुरुवात केली, आणि मास्तर माणसाला दोन मिनिटांत थांबायला कधी जमलंय?

साहेबानं घड्याळ उचललं. "झाली तुमची वेळ."

अब्दुस्समद ताडकन उठला. "साहेब, एक बात! माझी फक्त एकच बात राहिली!"

साहेब रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसून म्हणाला, "बुवा, तुमच्या गावची दहा माणसं बोलली. आज इतकी माणसं कुठल्याच गावची आली नाहीत. तुमच्या गावाचं म्हणणं भरपूर ऐकलं आम्ही."

"पण साहेब, ती माणसं बोटीवर..."

कारकुनानं पुढच्या गावाचं नाव पुकारलं. दोन माणसं आत आली आणि बाकावर बसायला जागा कुठं म्हणून बघू लागली. खतीबांनी अब्दुस्समदचा दंड धरला आणि त्याला पायऱ्यांवरून खाली आणलं. दम्यानं त्याची छाती नुसती भात्यासारखी वरखाली होत होती.

परतताना होडीत काय आनंद! बाळाजी मांडीवर थाप मारून म्हणाला, "बाकी झ्याक झालं! साहेब सोता म्हनला, येवढी मानसं कुनाचीच न्हाय आली!" मग कारकुनानं कुणाचं नाव आधी लिहिलं यावरून पुन्हा जुंपली. "तांडेल, तुमी सांगा," दादू म्हणाला. "तुमी शेवटाला बसलावता, तुमास्नी समदं दिसलं आसंल."

अब्दुस्समदनं सुकाणू सोडून दिलं. होडी खाडीच्या मधोमध तिरपी होऊन गिरकी घ्यायला लागली तसे सगळे भांडण सोडून त्याच्याकडे बघू लागले.

"बाळाजी," तो म्हणाला, "तुझा पोरगा सदू कुठं आहे आत्ता?"

"सदू? बोटीवर. मोंबासाच्या."

"दादू, तुझा जावई?"

"बोटीवर, चाचा."

"खतीबसाहेब, तुमचे दोघे मुलगे?"

खतीबांनी दाढीवरून हात फिरवला.

"मास्तर, तुमचा भाऊ पण बोटीवरच ना?" अब्दुस्समदचा आवाज चढला, आणि दम्यानं फाटला. "अरे, पंधरा दिवस मी तुमच्या कानीकपाळी ओरडलो! पोरांनासुद्धा पाठ झालं! माझी पाळी नाही आली, ठीक आहे, मी गेलो चुलीत. पण दहा तोंडं होती तुमची. दहा! बांध सांगितलात, विहीर सांगितलीत, आज्याचं पागोटं सांगितलंत! घरातल्या पोराचं नाव कापू नका म्हणून सांगायला एकाचीही जीभ का हलली नाही?"

होडी आपली फिरतेय.

दादूनं हळूच पुढं येऊन सुकाणू धरलं. "चाचा," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आमास्नी वाटलं, त्ये तर तुमी सांगनारच हायसा."

"माज्या बी मनात आलंवतं," बाळाजी म्हणाला. "म्हनलं, तांडेल हाय की मागं."

खतीबांनी मान डोलावली. मास्तरांनीही. एकामागून एक दहाही जणांनी तेच सांगितलं, आणि त्यातला एकही खोटं बोलत नव्हता.